गप्पी, धानी आणि मुंबईच्या विहिरी

‘गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा’ ही ओळ ज्याने भिंतीवर रंगवलेली पाहिली नाही, असा मराठी माणूस विरळा. शाळेची भिंत असो, ग्रामपंचायतीची असो की दवाखान्याच्या मागची असो, गेरू-चुन्याच्या ठळक अक्षरांत ही ओळ आपण येता-जाता वाचत आलो. वाचली आणि विसरलो. हा गप्पी कोण, कुठून आला, त्याचे नाव असे गप्पा मारणाऱ्या माणसासारखे का, हे विचारायला कोणी थांबले नाही. मीही थांबलो नसतो. पण शाळामास्तराला न थांबून चालत नाही, कारण त्याच्यासमोर प्रश्न विचारणारी चाळीस तोंडे बसलेली असतात.

आमच्या कांजूरमार्गच्या मुलांना दिवाळीची सुट्टी जवळ आली की काचेच्या पेटीचे वेध लागतात. बोनसचे पैसे घरात येतात, मामा किंवा काका क्रॉफर्ड मार्केटातून एखादी पेटी आणि पाण्याने फुगलेली प्लास्टिकची पिशवी आणतात, आणि फटाक्यांच्या गडबडीत घरात चार मासोळ्या येऊन दाखल होतात. पुढचा प्रश्न सुट्टीनंतर वर्गात येतो. “सर, ज्याला घरच्या घरी पिल्लं होतील असा मासा कुठला?” नुसता पाळायचा मासा नव्हे, वाढवायचा मासा. प्रश्न मुलाचा असला तरी पोरकट नाही. गेली पावणेदोनशे वर्षे मोठमोठ्या माणसांनी हाच प्रश्न स्वतःला विचारला, आपापल्या परीने त्याचे उत्तर दिले, आणि त्या उत्तरांची फळे आपण आजही भोगतो आहोत. काही गोड, काही कडू.

माशांत गंमत पाहण्याची आवड आपल्याकडे जुनी आहे. चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात कल्याणीस, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणास, ‘मानसोल्लास’ नावाचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. त्यात राजाच्या करमणुकीत ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक प्रकरण आहे. कोणता मासा नदीचा, कोणता समुद्राचा, कोणाला काय खाऊ घालावे आणि गळाला कोणते आमिष लावावे, हे त्यात तपशिलाने सांगितले आहे. पण राजेसाहेबांचा विनोद गळ टाकण्यात होता. मासा काचेआड ठेवावा, त्याचा संसार पाहावा, ही हौस फार पुढची. चिनी लोकांनी सोनमासे शेकडो वर्षे वाढवले, तरी तेही हौदात आणि कुंड्यांत, वरून पाहायचे.

काचेतून बाजूने पाहायची युक्ती निघाली ती इंग्लंडात, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. पाण्यात वनस्पती लावली की मासे बराच काळ जगतात, हे ध्यानात आले. 1853 साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचे काचघर उघडले, आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस या निसर्गप्रेमी गृहस्थाने त्या विषयावर पुस्तक काढताच घरोघरी पेट्या आल्या. 1869 साली चीनकडचे काही रंगीत मासे फ्रान्समध्ये पोचले. पॅरिसच्या पिएर कार्बोनिए याने त्यांची घरातल्या पाण्यात पैदास करून दाखवली. नर पृष्ठभागावर फेसाचे घरटे करतो, अंडी तोंडाने उचलून त्यात ठेवतो आणि बाळंतघराबाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बापासारखा पहारा करतो, हे पाहून पॅरिसकर थक्क झाले. घरी मासे वाढवण्याच्या छंदाची मुहूर्तमेढ साधारण इथे रोवली गेली असे म्हणायला हरकत नाही.

पण आपला गप्पी मुंबईत आला तो छंद म्हणून नव्हे. तो आला नोकरीवर.

त्या नोकरीची हकीकत विदर्भापासून सुरू होते. 1897 साली रोनाल्ड रॉसने सिकंदराबादेस डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले, आणि मग सगळीकडे डासांचा शोध सुरू झाला. 1901 साली ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टराने वऱ्हाडातल्या एलिचपूरच्या, म्हणजे आपल्या अचलपूरच्या छावणीतल्या डासांवर निबंध लिहिला आणि एका नव्या जातीचे वर्णन केले. तिचे नाव अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी. हाच डास पुढे मुंबईचा वैरी ठरला. इतर हिवतापी डास शेतात, ओढ्यात, दलदलीत वाढतात. हा मात्र शहरी माणसासारखा. याला स्वच्छ, संथ, घराजवळचे पाणी लागते. विहीर असली तर उत्तमच.

आणि मुंबईत विहिरींना काय तोटा! नळ आले तरी कोटातल्या, गिरगावातल्या, भुलेश्वरातल्या वाड्यांतून जुन्या विहिरी तशाच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी अलेक्झांड्रा गोदीचे, म्हणजे आजच्या इंदिरा गोदीचे, बांधकाम चालू होते आणि कोट भागात हिवतापाने उचल खाल्ली. सरकारने डॉ. चार्ल्स बेंटली यांना चौकशीस नेमले. त्यांचा अहवाल 1911 साली प्रसिद्ध झाला. निष्कर्ष सरळ होता: रोगाचे मूळ विहिरींत आणि टाक्यांत आहे. उपायही सरळ: विहिरी बुजवा, नाहीतर डासाला फट राहणार नाही अशा बंद करा.

कागदावर सरळ असलेला उपाय वाड्यात गेला की वाकडा होतो. पारशी म्हणाले, आमच्या धर्मकार्याला विहिरीचे पाणी लागते आणि त्यावर सूर्याचा प्रकाश पडला पाहिजे. हिंदू म्हणाले, विहिरीत देवता आहे, तिला कोंडणार कसे? झाकण घातल्यावर अमक्या घरावर कोप झाला, तमक्याचा मुलगा आजारी पडला, अशा कथा निघाल्या. त्या वेळी महापालिकेचे सचिव असलेले रुस्तम पेस्तनजी मसानी यांच्यापुढे या तक्रारी येऊन पडत. दुसरा एखादा अधिकारी अशा अर्जांवर शेरा मारून मोकळा झाला असता. मसानींनी ते वाचले, त्यांतल्या श्रद्धांचा माग काढला आणि 1918 साली विहिरींच्या लोककथांवर एक सुंदर इंग्रजी पुस्तक लिहिले. हेच मसानी पुढे मुंबईचे पहिले हिंदी म्युनिसिपल कमिशनर झाले. लोकांचे म्हणणे ऐकूनही कारभार करता येतो, याचा हा एक नमुना.

विहीर बुजवायची नाही आणि डासही वाढू द्यायचा नाही, यावर तोड काय? मासा! अळी खाणारा, लहान, काटक आणि भराभर वाढणारा. विहिरीवरचा प्रकाश तसाच राहतो, देवतेचीही हरकत नसते, आणि आपल्या कोकणात विहिरीत मासे किंवा कासव सोडण्याची चाल होतीच. गप्पी हिंदुस्थानात आला तो 1910 च्या सुमारास, याच कामगिरीसाठी. प्रौढ गप्पी दिवसाला 80 ते 100 अळ्या खातो, असे सरकारी पत्रकांत सांगितलेले असते. मुंबईच्या विहिरींत, कारंज्यांच्या हौदांत, बंद पडलेल्या गिरण्यांच्या टाक्यांत त्याने वर्षानुवर्षे हे काम इमानाने केले.

त्याच्या नावाची कथा मला विशेष प्रिय आहे. रॉबर्ट लेचमेर गप्पी हे वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर राहणारे गृहस्थ. दगड, शंख, शिंपले गोळा करण्याचा त्यांना नाद होता. तिथल्या ओढ्यातले काही चिमुकले मासे त्यांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे पाठवले आणि 1866 साली तिथल्या गुंथर नावाच्या पंडिताने त्या माशाला गप्पींचे नाव दिले. मागाहून कळले, की बर्लिनच्या पीटर्स यांनी 1859 सालीच या माशाचे वर्णन करून ठेवले होते. शास्त्राच्या नियमाप्रमाणे पीटर्सचे नाव कायम झाले. पण लोकांच्या तोंडी गप्पीच राहिला. आणि हे गप्पी पोटापाण्यासाठी काय करीत? ते त्रिनिदादचे शाळातपासनीस होते! शाळातपासणीच्या दिवशी आम्हा मास्तर मंडळींची जी अवस्था होते ती सर्वश्रुत आहे. तरी एका तपासनीसाचे नाव महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर असे मानाने मिरवावे, हा योग काही वेगळाच.

आता घरी वाढवण्याच्या दृष्टीने गप्पीचे गुण पाहा. तो अंडी घालत नाही. मादी सुमारे चार आठवड्यांनी जिवंत, पोहणारी पिल्ले टाकते. एकदा नराशी संग झाला की मादी पुढे काही महिने, नर जवळ नसतानाही, पुन्हा पुन्हा विते. म्हणून बाजारातून आणलेली एकटी मादीसुद्धा घरात गोकुळ करते. एवढेच, की आई बाळंत झाल्यावर पिल्लांपासून दूर ठेवावी लागते किंवा पेटीत दाट शेवाळ लागते, कारण भूक लागली की तिला आपपर उरत नाही.

नराच्या शेपटीवरचे रंग म्हणजे रांगोळीचे ठिपके. हे रंग बापाकडून थेट मुलाकडे जातात. कोपनहेगनच्या योहानेस श्मिट याने 1920 साली हे गप्पीवर सिद्ध केले. ईल माशाचे जन्मस्थान अटलांटिक महासागरात शोधून काढणारा श्मिट तो हाच. तेव्हापासून हौशी लोकांना किल्ली सापडली. ज्या नराचा रंग आवडला त्याचीच संतती वाढवायची, की काही वर्षांत पंख्यासारखी, झेंड्यासारखी, तलवारीसारखी शेपटी. पण हे नर मूळच्या ओढ्यात सोडले तर दोन दिवस टिकणार नाहीत. जॉन एन्डलर या शास्त्रज्ञाने त्रिनिदादच्या गप्पींवर प्रयोग करून 1980 साली दाखवले, की जिथे गप्पी खाणारा मोठा मासा आहे तिथे थोड्याच पिढ्यांत नर फिके पडतात. जिथे तो नाही तिथे माद्यांच्या पसंतीला वाव मिळतो आणि नर पुन्हा नटतात. म्हणजे निवड करणारा बदलला की मासा बदलतो. ओढ्यात शत्रू निवडतो, पेटीत आपण निवडतो, विहिरीत डासाची अळी निवडते. तिन्ही ठिकाणचा गप्पी एकाच कुळातला, पण तीन संस्कारांत वाढलेला.

निवडण्याचा हा अधिकार हातात आला की माणसाला वाटते, आपण केवळ मासा निवडला. तसे नसते. गप्पीच्या यशाने हुरूप येऊन 1928 साली इटलीतून आणखी एक डासखाऊ मासा आपल्याकडे आणला गेला: गंबुशिया. हा मूळचा अमेरिकेचा. तिथून स्पेन, इटली आणि मग हिंदुस्थान असा त्याचा प्रवास. भूक गप्पीपेक्षा मोठी, त्यामुळे कागदावर तो सरस. पण ज्याची भूक मोठी तो अळीवर थांबत नाही. तो दुसऱ्या माशांची अंडी खातो, बेडकांची पिल्ले खातो, शेजाऱ्याच्या पंखांचे लचके तोडतो. आज जगातल्या शंभर अतिउपद्रवी परक्या जिवांच्या यादीत त्याचे नाव आहे. एके काळी त्याच्या स्वागताला अधिकारी बंदरावर उभे असत. आता त्याला घालवावे कसे याची अनेक देशांना चिंता आहे.

आणि या सगळ्या आयातीची गरज किती होती? 1912 साली कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने एक छोटे पुस्तक काढले. सिमूर स्यूएल आणि बी. एल. चौधरी हे त्याचे लेखक. डासांच्या अळ्या खातात असे सिद्ध झालेल्या हिंदी माशांची ती माहिती होती. गप्पी नुकता उतरत होता तेव्हाच आपल्या दारचे उमेदवार अर्ज घेऊन उभे होते! त्यांत पँचॅक्सचे कूळ ठळक. तोंड वरच्या बाजूला वळलेले, त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर लोंबणारी अळी त्याच्या ताटातच वाढलेली. बंगालचा पँचॅक्स कपाळावरच्या चकचकीत ठिपक्यामुळे तिथे ‘तिनडोळ्या’ म्हणून ओळखला जातो. त्याचा थोरला भाऊ, अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी असलेला, आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या ओढ्या-पाटांत राहतो. घरी वाढवायला तो अवघड नाही. पेटीत लोकरीचा झुपका लोंबत सोडला की मादी रोज थोडी थोडी अंडी त्यात लपवते, आणि दोनेक आठवड्यांत पिल्ले बाहेर येतात. पेटीला झाकण मात्र हवे, कारण उडी मारणे हा त्याचा स्वभाव.

दारच्या माशाची किंमत परक्याला आधी कळावी, हे आपल्याकडे नवे नाही. फ्रान्सिस हॅमिल्टन या स्कॉटिश डॉक्टराने बंगालात नोकरी करता करता गंगा आणि तिच्या उपनद्यांतल्या माशांची टिपणे केली आणि 1822 साली त्यांचा ग्रंथ छापला. त्याचा मोठेपणा असा, की लॅटिन नावे देताना त्याने कोळ्यांच्या तोंडची नावेच पुष्कळदा घेतली. भातशेतात सापडणाऱ्या माशांना बंगालीत ‘धानी’ म्हणत, त्यावरून ‘डानिओ’ हे नाव आले. त्यांतलाच एक, निळ्या-रुपेरी पट्ट्यांचा, बोटाच्या दोन पेरांएवढा, आज जगभर झेब्रा मासा म्हणून प्रसिद्ध आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीस तो युरोपातल्या पेट्यांत गेला, तिथून अमेरिकेत. ओरेगन विद्यापीठातल्या जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी असेच पेटीतले मासे घेऊन काम सुरू केले आणि 1981 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. या माशाचे अंडे काचेसारखे पारदर्शक. आतल्या जिवाचे हृदय धडधडू लागलेले सूक्ष्मदर्शकातून डोळ्यांनी दिसते. माणसाच्या रोगांचा अभ्यास आता त्याच्यावर हजारो प्रयोगशाळांत चालतो. आपल्या कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही तो आहे. भातखाचरातला धानी सातासमुद्रापार जाऊन डॉक्टर होऊन परत आला, असे म्हणायचे!

मुंबईकराला माशाची गोडी लावण्याचे मोठे काम तारापोरवाला मत्स्यालयाने केले. 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मरीन ड्राइव्हवर ते उघडले, आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या शाळेच्या सहली तिथे गेल्या. त्या मत्स्यालयाशी संबंधित असलेले डॉ. बी. एफ. छापगर यांनी एका सहकाऱ्यासह 1992 साली गोवा-कर्नाटकाकडच्या घाटातल्या एका चिमुकल्या माशाचे पहिले वर्णन केले आणि मुंबईचे मत्स्यखाते सांभाळलेल्या डॉ. सेटना यांचे नाव त्याला दिले. आज तो मासा ओढ्यांतून कमी होत चालला आहे. चांद्रयानाच्या काळाला इतके जवळ असूनही आपल्या सह्याद्रीतला मासा नव्याने सापडतो, आणि सापडतो न सापडतो तोच हरवू लागतो, याला काय म्हणावे?

तर मूळ प्रश्नाकडे येतो. इतक्या इतिहासातून मला एकच गोष्ट शिकण्यासारखी वाटते: घरातला मासा घरात राहत नाही. चिनी मासा पॅरिसला गेला, धानी ओरेगनला गेला, गप्पी त्रिनिदादहून भुलेश्वरच्या विहिरीत आला, गंबुशिया जिथे नको तिथे पोचला. कोणी मुद्दाम नेले, कोणी कंटाळून सोडून दिले. पेटीची काच घासण्यासाठी हौसेने आणलेला अमेरिकेचा सकर मासा वीतभर झाला की पेटीत मावत नाही; मग दयाळू माणूस त्याला तळ्यात सोडतो. उजनीच्या जलाशयात कोळ्यांची जाळी फाडणारा सकर अशाच दयेतून आलेला आहे. आमच्या कांजूरच्या एका अंगाला मिठागरे आणि खाडी, दुसऱ्या अंगाला 1891 च्या सुमारास बांधलेला पवईचा तलाव. पेटीतून तलावापर्यंतचे अंतर रिक्षाने दहा मिनिटांचे.

म्हणून मासा निवडताना ‘दिसतो कसा’ हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ‘हा उद्या शंभर झाला तर जाईल कुठे?’ याचे उत्तर ज्याच्यापाशी आहे त्याने खुशाल गप्पी वाढवावेत. नळाचे पाणी एक दिवस बादलीत उघडे ठेवावे म्हणजे त्यातले औषध उडते, आणि मग त्यात मासे सोडावेत. जास्त झालेले गप्पी शेजाऱ्यांना द्यावेत, सोसायटीच्या कारंज्याच्या बंद हौदात सोडावेत. ओढ्यात, खाडीत, तलावात कदापि नाही. ज्याला थोडे कष्ट चालतील त्याने धानी वाढवावा. पेटीच्या तळाशी मुलांच्या गोट्यांचा थर द्यावा; संध्याकाळी दोन नर आणि एक मादी सोडावी; पहाटेच्या उजेडात अंडी पडतात आणि गोट्यांच्या फटीत गेल्यामुळे आईबापांच्या तोंडून वाचतात. तिसऱ्या दिवशी केसाएवढी पिल्ले काचेला चिकटलेली दिसतात. ज्याला बापाची माया पाहायची असेल त्याने गंगेतली लालिया आणावी. तिचा नरही फेसाचे घरटे बांधतो.

मात्र मासा आणला म्हणजे डासाची काळजी मिटली, असे कोणी समजू नये. डेंग्यूचा डास घरातल्या पिंपात, कुंडीखालच्या बशीत, गच्चीवरच्या टायरात वाढतो. तिथे गप्पी पोचत नाही. अलीकडच्या अभ्यासकांनीही माशावर सगळा भार टाकण्याबद्दल शंका घेतल्या आहेत. पिंपाला झाकण आणि आठवड्यातून एक कोरडा दिवस, हा उपाय अजून पहिला. दर वर्षी श्रावण-भाद्रपदात माझ्या हजेरीपटावर तांबड्या शाईच्या खुणा वाढतात. गेल्या पावसाळ्यात चौथीतली एक मुलगी तीन आठवडे आली नाही. आली तेव्हा दप्तर तिच्या आईच्या खांद्यावर होते. ‘मलेरियावाले’ दारात आले की आपण कपाळाला आठी घालतो. ती माणसे बेंटलींचेच शंभर वर्षांपूर्वीचे काम पुढे नेत असतात, आणि त्यांना पिंपाचे झाकण उघडून दाखवायला आपले काही जात नाही.

त्या मुलीच्या वर्गाने आता एक पेटी केली आहे. कोणता मासा, यावर आठवडाभर वाद झाला. मते घेतली, तेव्हा रंगीत शेपटीचे गप्पी हरले आणि आपल्याच किनाऱ्याच्या ओढ्यातला तो सोनेरी ठिपक्यांचा मासा जिंकला. झुपक्यासाठी लोकर मुलीच्या आजीने दिली. पहिली सात अंडी सापडली आहेत. सुट्टीत त्यांवर लक्ष कोण ठेवणार, याचा निकाल मात्र अजून लागायचा आहे.